झोपलेल्या शीतलला विचारलेलं

आमच्या मांजरीलाही मी हे सांगितलेलं नाही, आणि त्या मांजरीला मी पुष्कळ काही सांगितलेलं आहे. शेजारणीच्या चहाड्या, गुडघ्यांची गाऱ्हाणी, माझे हे कसे घोरायचे त्याची नक्कल — सगळं तिनं ऐकलंय, मिशी न हलवता. हे मात्र नाही. देवळात बोलले नाही. मुनिमहाराज गावात आले तेव्हा त्यांच्यापुढे मांडी घालून बसले होते, तेव्हाही जीभ उचलली नाही. आता तुम्हाला सांगते आहे. तुमची माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित जमेल. — बघू.

आधी त्या बाईबद्दल सांगते, जिनं हे केलं. ती माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. म्हणजे सदुसष्टीतली तरुणी म्हणा. केसांना मेंदी लावायची आणि ती कपाळावर ओघळू द्यायची. मोबाईल नवानवा हातात आलेला, तो कानाला लावून गल्लीतून अशी चालायची की कलेक्टरच पलीकडे आहे आणि हिच्याशिवाय त्याचं पान हलत नाही. स्वतःला फार हुशार समजायची. कुणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरून सांगते म्हणायची, आणि कुणाच्या मनात काय शिजतंय तेही. अशी बाई मला आज कुठं भेटली तर मी पदर तोंडाला लावून हसेन — पण हसता हसता तिला दुसरी कुणी करून टाकायची सोय मला नाही. ती मीच.

शीतल माझा पुतण्या. आमच्या जैनांत पुरुषांचंही नाव शीतल असतं, बाहेरचे लोक फसतात. त्याची आई तो रांगत होता तेव्हा गेली. मला मूल नव्हतं. सांगलीजवळच्या आमच्या गावात, हळदीच्या आणि उसाच्या घरात, मी त्याला वाढवलं. तो मला काकू म्हणायचा आणि अगंतुगं करायचा, जसं आईला करतात. त्याच्या पोटातलं ओठावर यायच्या आत मला कळायचं. हे मी मिरवायचे.

आणि त्यात एक गंमत होती. शीतल लहानपणी झोपेत बरळायचा. आमच्याकडे बायका म्हणतात, बरळणाऱ्या माणसाच्या पायाचा अंगठा हळूच धरायचा आणि विचारायचं — तो खरं तेच सांगतो. मी करून पाहिलं. गुळाचा खडा कुणी खाल्ला? शाळेला बुट्टी मारून कुठं गेला होतास? पोरगं डोळे मिटून सगळं सांगायचं, आणि सकाळी मी त्याला सगळं सांगितलं की तोंड उघडं टाकून बघत राहायचं. काकूला देव सांगतो म्हणायचा. मोठा झाल्यावर मी त्याला अंगठ्याची गंमत सांगून टाकली, आणि त्याचं बरळणंही थांबलं. म्हणजे रात्रीचं थांबलं.

त्याला नोकरी लागली ती खंडाळा तालुक्यातल्या एका कारखान्यात, मोटारीचे भाग ठोकून काढतात तिथं. नोकरी लावली माझ्या बहिणीच्या मुलानं, भरतनं. भरत तिथं साहेब. शीतलनं लोणंदला खोली घेतली, बायको सुजाता तिथल्याच एका पतसंस्थेत कामाला लागली. मुलगी झाली, श्रुती. पोर सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून मला बोलावून घेतलं. कांद्याच्या बाजाराचा वास येणाऱ्या त्या दोन खोल्यांत मी मोठ्या आनंदानं गेले.

आनंद फार टिकला नाही. का? — इथं मी आजवर स्वतःशीही खोटं बोलत आलेय. मी म्हणायचे, उकाडा फार, रेल्वेचा आवाज फार. तसं नव्हतं. शीतल आता मला काही सांगत नव्हता. बोलायचा, हसायचा, माझ्या गुडघ्याला तेल आणून द्यायचा. पण मनातलं जे काही असेल ते सुजाताला सांगायचा. मी ताट वाढायला आत गेले की त्यांचं बोलणं थांबायचं. नवराबायकोचं थांबतंच. मला वाटलं, माझ्या घराचं दार कुणीतरी बदललं आणि किल्ली मला दिली नाही.

त्याला सारखी रात्रपाळी असायची. सकाळी यायचा, आंघोळ करून, खाऊन आडवा व्हायचा. सुजाता कामाला गेलेली. पोर पाळण्यात. मी भिंतीला टेकून शेंगा सोलत, नाहीतर डाळ निवडत बसलेली. दिवसाची झोप कच्ची असते. आणि एका सकाळी शीतल बरळला.

तुम्ही काय केलं असतं? मी उठले, श्रुतीच्या पाळण्याला एक झोका दिला, आणि त्याच्या पायाशी बसून त्याचा अंगठा धरला.

पहिला प्रश्न सांगू? लाज वाटते, पण त्यानंतरचे फार वाईट आहेत, म्हणून हा सांगून टाकते. मी विचारलं, “शीतल, काकू जड झाली का रं तुला?” तो म्हणाला, “न्हाई.” आणि मी पदरानं डोळे पुसले. तिथं थांबायचं. शहाणी बाई तिथं थांबली असती.

आता त्या पट्ट्याचं सांगायला हवं. त्या वर्षी कारखान्यानं कामगारांना एक काळा पट्टा दिला. हेल्मेटच्या आत कपाळावर बांधायचा. मशीनवर माणसाला डुलकी लागली तर हात जातात, म्हणून हा पट्टा म्हणे डोकं जागं आहे की पेंगतंय ते ओळखतो आणि आतल्या केबिनमध्ये हिरवा, पिवळा, लाल दिवा लागतो. पोरं त्याला मुंडावळी म्हणायची. “मुंडावळ्या बांधल्या का रं, नवरदेव?” असं म्हणत पाळीवर जायची. आधी हसण्यावारी नेलं. मग कुणी म्हणालं, हा पट्टा जागं-झोपलेलं एवढंच बघत नाही, मनातलं वाचतो. मग दुसरं कुणी म्हणालं, आपण शिवी नुसती मनात दिली तरी दिवा पिवळा होतो. घरी चार्जिंगला आणावा लागायचा तो. शीतल त्याला सुरुवातीला फळीवर ठेवायचा, देवाच्या फोटोशेजारी. मी म्हटलं, आणखी एक भगवंत आणलास का?

भरत मला रोज फोन करायचा. एवढा साहेब झालेला भाचा मावशीला रोज फोन करतो, ह्याचं त्या मेंदीवाल्या बाईला केवढं अप्रूप. काय जेवलीस, पोर काय म्हणते, शीतल कसा आहे. एकदा मी हसत हसत बोलून गेले — शीतल रविवारी दांडी मारणार आहे, श्रुतीच्या जावळाला गावी न्यायची म्हणतोय. हे मला अंगठ्यानं सांगितलं होतं. शीतलनं अजून सुजातालाही सांगितलेलं नव्हतं, तिला चकित करणार होता.

दुसऱ्या दिवशी भरत त्याला गेटवर म्हणाला, “काय शीतल, रविवारी पोटात दुखायचंय वाटतं तुझ्या?”

शीतल घरी आला तो बूट न काढता तसाच उंबऱ्यावर बसला. “काकू,” म्हणाला, “म्या कुणाला बोललो न्हाई. बायकोला न्हाई, तुला न्हाई. त्याला कसं कळलं?” आणि पट्ट्याकडे बघितलं. मी इतकी हसले, इतकी हसले की ठसका लागला. त्यानंच पाणी दिलं. मला वाटलं, लहानपणीचाच खेळ आहे. चार दिवस चकवायचं, मग सांगायचं — अरे वेड्या, मीच. मी खरंच सांगणार होते. सणासुदीला सगळे बसलेले असताना सांगायचं, म्हणजे जास्त हशा पिकेल, असा माझा बेत.

मी भरतला विचारलं, खरंच वाचतो का रे हा पट्टा मनातलं? तो हसला. “कुठलं गं मावशी. पेंगतोय की न्हाई एवढंच कळतं, ते बी धड न्हाई. पण भिऊ देत की. भ्यालेला माणूस सरळ चालतो.” आणि मग म्हणाला, “पण तुला कसं कळतं त्याच्या मनातलं?”

आणि मी सांगितलं. अंगठ्याचं. फुशारकीनं सांगितलं.

पुढं तोच सुचवायला लागला — विचार की गं, त्याला बढती द्यायचीय, मन लावून काम करतोय का बघायचंय. विचार की, त्याची संगत कुणाची आहे. त्याच्या भल्यासाठीच गं मावशी. मी विचारायचे. मला खरंच वाटायचं का, की हे शीतलच्या भल्याचं आहे? अर्धं वाटायचं. उरलेल्या अर्ध्यात मी खूश होते. माझ्यावाचून कुणाचं तरी अडत होतं. शीतलच्या मनाचं दार मला पुन्हा उघडं होतं आणि आत मी चपला घालून हिंडत होते.

मग ते झालं. कामगारांनी ठरवलं होतं, एका पाळीला सगळ्यांनी मिळून पट्टे काढून गेटवर ठेवायचे आणि म्हणायचं, हात बघा, काम बघा, डोक्यात शिरू नका. गुपचूप ठरवलेलं. भरतला कुणकुण लागली. त्यानं फोनवर विचारलं — पुढं कोण कोण आहे? मी अंगठा धरला. शीतलनं तीन नावं सांगितली. पहिलं संपतचं. म्हसवडचा पोरगा, शीतलचा जिगरी, आमच्याकडे जेवायला यायचा आणि माझ्या हातची आंबाडीची भाजी मागून घ्यायचा.

तिघांना कामावरून काढलं. कंत्राट संपलं म्हणून. पट्टे जिथल्या तिथं राहिले.

संपतनं चहाच्या टपरीवर शीतलचा गळा धरला. “गड्या, ती तीन नावं तुला एकट्यालाच ठावं हुती.” शीतलनं पोरीची शपथ घेतली. संपतला वाटलं, शीतल फितूर. शीतलला वाटलं, पट्टा फितूर. आणि फितूर घरात भिंतीला टेकून शेंगा सोलत होती.

तेव्हा का बोलले नाही? आता तर खेळ राहिला नव्हता. — म्हणूनच बोलले नाही.

शीतल उतरत गेला. पट्टा फळीवरून काढून ज्वारीच्या डब्यात ठेवायला लागला, धान्याच्या खाली, वर घट्ट झाकण. भाकरीसाठी ज्वारी दळायला काढताना तो माझ्या हाताला लागायचा, आणि मी तो बाजूला ठेवून पुन्हा होता तसा पुरायचे. कामावर असताना तो मनात सारखा णमोकार मंत्र म्हणायचा, म्हणजे पट्ट्याला दुसरं काही मिळू नये. घरीही ओठ हलत असायचे. सुजाताशी बोलणंही त्यानं कमी केलं. न जाणो, जे बोलू ते डोक्यात राहतं, आणि डोकं तर रोज तिकडं न्यायचं असतं. ती बिचारी रडायची. मला म्हणायची, “काकू, तुमीच इचारा की. तुमास्नी सांगतील.”

मला सांगतील. बरोबर होतं तिचं.

भरतला जाणून घ्यायचं होतं की शीतल राजीनामा देतोय का, आणखी कुठं तक्रार करतोय का. मी पुन्हा अंगठा धरला. हो, एवढं सगळं झाल्यावरही धरला. शीतल झोपेत काहीच बोलला नाही. नुसता णमोकार म्हणत राहिला, अडखळत, लहान मुलासारखा. झोपेतही त्यानं दार लावून घेतलं होतं. आणि मला काय वाटलं? वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मला राग आला. आपल्याच पोरानं आपल्याला बाहेर ठेवलं म्हणून राग आला.

भाद्रपदात आमची पर्युषणं असतात. ती संपल्यावर क्षमावाणी. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांपुढे हात जोडतात — वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. फार सुंदर चाल आहे, आणि माझ्यासारखीच्या फार सोयीची. काय चुकलं ते सांगावं लागत नाही. मी गल्लीभर हात जोडून हिंडले होते त्या सकाळी.

शीतल, सुजाता, पोर — आम्ही सगळे सणाला गावी आलो होतो. मी परसात केळीची पानं पुसत होते. शीतल आला, माझ्या पाया पडला, आणि उठला नाही. तसाच बसून म्हणाला, “काकू, माझ्या मनात तुझ्याविषयी लय वंगाळ आलं हुतं. ल्हानपणी तू अंगठा धरून इचारायचीस न्हवं? एकदा वाटलं, काकू तर न्हाई ना सांगत? मला पाप लागंल. क्षमा कर.”

थांबा. मला जरा थांबू द्या.

त्याचा अंदाज बरोबर होता. इतके महिने सगळा कारखाना चुकत होता, संपत चुकत होता, सुजाता चुकत होती, आणि तो एकटा नेमक्या जागी येऊन माझ्या पायाशी बसला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. तो चिडला असता, कदाचित उठून गेला असता, पुन्हा कधी माझं तोंड बघितलं नसतं. पण त्याचं डोकं त्याला परत मिळालं असतं.

मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. म्हटलं, “येडा हायस का रं? केली क्षमा.”

मी त्याला क्षमा केली. मी, त्याला.

त्याचा चेहरा हलका झाला, आणि लगेच पुन्हा काळा पडला. ते मी पाहिलं. काकू नाही म्हणजे पट्टाच, दुसरं काही उरलंच नाही — हे त्याच्या कपाळावर मला वाचता येत होतं, त्यासाठी अंगठा लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चहा घेतला आणि विचारलं, लांब शिडी अजून गोठ्यात आहे का. मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, “जरा निवांत बसावं म्हंतो. जितं कायबी पोचत न्हाई असं.”

आमच्या शेताच्या कडेला एक पेव आहे. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, तोंड लहान, पोट मोठं, रांजणासारखा. आमचं दोन पुरुष खोल. पूर्वी त्यात हळद भरून वर्षानुवर्षं ठेवायचे, कीड लागत नसे. पुराचं पाणी आत शिरल्यापासून ते तसंच पडून होतं. तळाशी जुना पाला, कुजलेली हळद. पेवात उतरायचं तर आधी तोंड उघडं टाकून दिवसभर हवा खेळू द्यायची, मग कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शीतलला तर मीच शिकवलं होतं.

शिडी कशाला लागते, मला कळलं होतं का? कळलं होतं. आमच्या घरी त्या शिडीचं दुसरं काही कामच नाही. मग मी त्याला म्हणायला हवं होतं, उघडं टाक आधी, कंदील सोड. मी म्हटलं नाही. मी तोंड उघडलं असतं तर तिथं कशाला जातोस हे विचारावं लागलं असतं, आणि ते विचारलं असतं तर पुढं सगळंच आलं असतं. माहीत आहे की त्याला, असं म्हणून मी कपबशा विसळायला घेतल्या.

जेवायची वेळ झाली तरी तो आला नाही. शेजारच्या शेतातल्या माणसांनी शोधलं. पेवाच्या तोंडावर पत्रा होता, जवळजवळ पूर्ण ओढलेला. शिडी आत. शीतल तळाशी, बसल्यासारखा.

वाईट हवेनं गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण सगळं गाव एकाच प्रश्नापाशी अडलं. हळदवाल्याचा पोरगा हवा न खेळवता पेवात उतरलाच कसा? आणि पत्रा कुणी ओढला? कुणी म्हणालं, घात केला. कुणी म्हणालं, जीव दिला. कुणी म्हणालं, त्या पट्ट्यानं डोक्यात शिरून त्याला तिथं नेलं. त्याला ठाऊक होतं आणि तरी उतरला, की त्या दिवसांत त्याला काहीच सुचत नव्हतं — ते मलाही माहीत नाही, आणि कधी कळणार नाही. पण पत्रा त्यानंच ओढला. त्या पट्ट्याचं जे काही असेल ते उघड्या तोंडातून आत येईल, आपल्याला ऐकेल, म्हणून ओढला. एवढं मला त्याच क्षणी कळलं होतं. आणखी कुणालाही कळणं शक्य नव्हतं.

पोलीस आले. खुर्ची देऊन मला बसवलं, म्हातारी म्हणून हळू आवाजात विचारलं — आजी, त्याचं कुणाशी वैर होतं का?

मी म्हटलं, “एक हुता. म्हसवडचा.”

दुसऱ्यांदा मी संपतचं नाव दिलं. या वेळी कुणी झोपलेलं नव्हतं.

त्याला नेलं, सोडलं, पुन्हा बोलावलं, असं पुष्कळ दिवस चाललं. त्यानं सिद्धनाथाच्या देवळात उभं राहून शपथ घेतली म्हणतात, की मी त्या दिवशी गाव सोडलंच नव्हतं. हाती काही लागलं नाही म्हणून सोडून दिलं. पण गळा धरताना त्याला चार जणांनी पाहिलेलं होतं, आणि त्याच्या गावात आजही कुणी त्याच्याशी भांडायला लागलं की पेवाचं नाव काढतं.

भरत भेटायला आला होता. रडला. जाताना मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाला, “मावशी, आता गप ऱ्हा. यात तुझंच नाव येईल, माझं न्हाई.” मग पुण्याला गेला, मोठ्या जागेवर. फोन करत नाही. मला वाटलं होतं, आपलं रक्त आहे, दगा देणार नाही. बघा, दगा झाल्याचं दुःख करायलाही मी मागे राहिले नाही. बरेच महिने मी शीतलसाठी कमी आणि भरत असा वागला म्हणून जास्त रडले. त्या सदुसष्टीच्या तरुणीला कुणीतरी फसवलं, अशी माझी समजूत मी जपून ठेवली होती.

सुजातानं लोणंदची खोली सोडली. गावी आली, आणि मला घेऊन राहिली. तिचं म्हणणं, त्यांची आई तुम्हीच. माझे गुडघे आता वळत नाहीत, मला आंघोळ ती घालते. आणि उरलेल्या वेळात ती लढते. कारखान्यांच्या गेटवर जाते, बायकांना, कामगारांना सांगते — माझ्या माणसाच्या डोक्यातलं या पट्ट्यानं चोरलं, तुमच्या माणसाला बांधू देऊ नका. फार चांगलं बोलते. मी असं म्हणत नाही की पट्टा चांगला आहे. माणसाच्या कपाळाला असलं काही बांधू नयेच, आणि ती जे थांबवू बघते आहे ते थांबायलाच हवं. पण ज्या गोष्टीसाठी ती शपथेवर उभी राहते ती झालेली नाही. कुणीतरी हुशार वकील एक दिवस ते दाखवून देईल आणि मग तिचं सगळंच खोटं म्हणतील. माझ्या गप्प बसण्यानं तिच्या पायाखाली हे ठेवलेलं आहे.

गेल्या आठवड्यात सांगलीत सभा होती. सुजातानं मला नेलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं, माईक हातात दिला. “काकू, तुमी नुसतं चार शब्द बोला. तुमी समदं जवळनं बघितलंय.” मी बोलले. माझा शीतल लय गुणाचा होता, असं म्हणाले. टाळ्या वाजल्या.

सभा सुटल्यावर एक जण पुढं आला. दाढी पिकलेली, म्हणून आधी ओळखलं नाही. संपत. म्हसवडहून एसटीनं आला होता, शीतलसाठी. वाकून म्हणाला, “आवं काकू, तुमच्या पोराचा म्या गळा धरला हुता. मला तो फितूर वाटला. लय चुकलं माझं.” आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत. सुजाता शेजारी उभी राहून डोळे पुसत होती.

त्या दिवसापासून जमेल तसं हे लिहिते आहे. आता सुजाता आत भाकऱ्या थापते आहे, श्रुती तिला ताटं लावून देते आहे. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवून घेतात. थोड्या वेळानं ती मला उठवायला येईल, काखेत हात घालून, सवयीप्रमाणे. अनोळखी कुणाला तरी म्हणून लिहिलेले हे कागद तेव्हा मी तिच्याच हातात देणार आहे. तिचं वाचून होईपर्यंत उजेड राहणार नाही, आणि आज जेवण होणार नाही.